आंबट मातीतला चहा

चहाचं झाड असतं, हे आमच्या गावात सांगूनही कुणाला पटलं नसतं. चहा म्हणजे वाण्याकडची तपकिरी भुकटीची पुडी. नाहीतर परसातला गवती चहा, पडसं झालं की ज्याची पात चुरगळून कोऱ्या चहात टाकतात तो. कोरा म्हणजे बिनदुधाचा, गुळाचा. मी तर शाळेत जायला लागले तरी समजत होते की पुडीतली भुकटी म्हणजे गवती चहा वाळवून कुटलेला. मग आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून पेन्शन घेऊन कायमचे घरी आले आणि त्यांनी लोखंडी ट्रंकेतून एक डबा काढला. डब्यात ओलसर कोळशाची पूड, आणि तिच्यात दडलेल्या रिठ्याच्या बियांसारख्या गोल, तपकिरी बिया.

"ह्यो चहा," आबा म्हणाले.

आईने एक बी उचलली, दाताखाली धरून पाहिली आणि परत ठेवली. "ह्यो कुटायचा का काय?"

आबांची पलटण बरीच वर्षं आसामात होती आणि त्यांच्या छावणीच्या तारेला लागूनच चहाचे मळे होते. ते सांगायचे, चहा म्हणजे मोकळं सोडलं तर घराच्या पाख्याच्या वर जाणारं झाड. माणसाच्या हाताला पान लागावं म्हणून त्याला वर्षानुवर्षं छाटून कमरेएवढं ठेवतात. तोडायचा फक्त शेंडा, एक कळी आणि तिच्याखालची दोन कोवळी पानं. पान हिरवंगार असतं आणि त्याला चहाचा वास अजिबात नसतो. ते कोमेजवायचं, चोळायचं, मग नुसतं वाऱ्यावर ठेवायचं. चिरलेलं वांगं काळं पडतं तसं ते लाल होत जातं, तेव्हा कुठे वास सुटतो. तेच पान तोडल्याबरोबर वाफवलं तर हिरवं राहतं, आणि त्याचा वेगळा चहा होतो. फूल पांढरं, मध्ये पिवळे केसर, थेट आपल्या उंडीच्या फुलासारखं. मी हे सगळं भुतांच्या गोष्टी ऐकाव्यात तसं ऐकायची.

आबांना चहाचं वेड होतं. ते एवढं होतं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

आमचं गाव पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या रस्त्यावर. फाट्यापर्यंत एसटी यायची, आणि फाट्यावर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाची भिंत, दोन बाकडी, एक चूल आणि दिवसभर उकळणारं पातेलं. आत फळीवर काचेचे ग्लास मांडलेले. बाहेरच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, खिळे ठोकून तीन-चार कप लटकवलेले, कान तुटलेले. ते आम्हा बौद्धवाडीतल्या माणसांचे. कान नसल्यामुळे कप खिळ्यावर नीट राहायचे नाहीत, म्हणून सुतळीचा फास लावलेला असायचा. आपला कप आपण काढायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतायचा, उभ्यानेच प्यायचा, विसळून परत अडकवायचा. कानाशिवाय तो गरम कप धरवत नाही. बायका पदराचं टोक गुंडाळून धरायच्या, पुरुष सदऱ्याचं. मीसुद्धा परकराच्या घोळाने धरून प्यायलेय.

गावाचा एक नियम होता, लिहिलेला कुठेच नाही पण सगळ्यांना पाठ. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. आमच्या वाडीतली नाचणी, लाकडाची मोळी, आंबे, सगळं गावातल्या शेतकऱ्यांना चालायचं. पाणी लागलेलं, शिजवलेलं काही चालायचं नाही. म्हणजे आमच्या आईने भाजलेल्या भाकरीला बाट होता आणि त्याच आईने कापलेल्या नाचणीला नव्हता. हा हिशोब मला तेव्हाही कळला नाही आणि आता केस पिकले तरी कळलेला नाही.

आबा घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी फाट्यावर गेले. मी बोट धरून सोबत होते. हॉटेलवाला आणि आबा शाळेत एका वर्गातले. "आलास रे!" म्हणत त्याने हसून स्वागत केलं, पलटणीची चौकशी केली. आबा बाकड्यावर टेकले. तो कसनुसा झाला. आत बसलेली दोन म्हातारी माणसं उठून बाहेर गेली. हॉटेलवाल्याने आबांकडे न पाहता हळूच म्हटलं, "तुला तर म्हाईतच हाय रे. कप भायेर हाय."

आबा उठले. मेढीवरचा कप काढून त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला आणि पुन्हा फासात अडकवला. आवाज अजिबात चढवला नाही.

"आजपासून माझा चहा बंद," ते म्हणाले. "माझ्या झाडाचा चहा व्हईल, तो तू माझ्या ओट्यावर येऊन, राजीखुशीनं पिशील, त्याच्यानंतर मी पिईन. तोवर नाय."

हॉटेलवाला हसला. "चहाचं झाड? आनि आपल्या गावात?"

 मला वाटलं होतं, घरी येताना आबा रागावतील, शिव्या देतील. तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त भराभर चालत होते आणि मला त्यांच्यामागे पळावं लागत होतं.

दर वर्षी मार्चमध्ये आम्ही महाडला चवदार तळ्यावर जायचो. माझे आजोबा सत्तावीस सालच्या सत्याग्रहात होते, हे आबा दरवेळी पायऱ्या उतरताना सांगायचे आणि ओंजळभर पाणी प्यायचे. तळ्याभोवती चहाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची. सगळी वाडी चहा प्यायची, बशीत ओतून, फुरके मारत. आबा बाजूला उभे. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "माझ्या बापानं पानी पिऊन दाखवलं. माझा नुसता चहा राह्यलाय."

आता त्या बियांचं सांगते. चहाची बी फार नाजूक, सुकली की मेली, म्हणून ती ओल्या कोळशात आणलेली. लवकर पेरायला हवी होती, पण आबांना पेन्शनच्या कामाला मुंबईला जावं लागलं. आईने ठरवलं की नवरा येईपर्यंत वाफा तयार करून ठेवायचा. घरामागे चढावर आमची थोडी वरकस जमीन होती, नाचणी-वरीची. तिथला एक तुकडा तिने निवडला आणि कोकणातली कोणतीही शहाणी बाई करील तेच केलं. राब भाजला. डहाळ्यांची कवळं, पालापाचोळा, शेणी रचून पेटवून दिलं. भाताच्या रोपाला, नाचणीच्या रोपाला आम्ही जन्मभर असंच करत आलोय. भाजलेल्या राखेच्या मातीत रोप जोमाने उठतं. चैत्रात भाजायचा राब तिने थंडीत भाजला आणि वाफा काळा, भुसभुशीत, पिठासारखा करून ठेवला. आबा परत आले, वाफा पाहिला आणि खूश झाले. तेही ह्याच मातीतले. आसामात इतकी वर्षं राहूनही त्यांना काही खटकलं नाही.

बिया पेरल्या. बराच काळ काहीच दिसेना, मग एकेक कोंब वर आला, चकचकीत पानांचा. आम्ही हुरळून गेलो. आणि मग पानं पिवळी पडायला लागली. आई त्यांना पाणी घालायची, आणखी राख घालायची. शिमगा संपेपर्यंत वाफ्यात एक काडी उरली नाही. आई त्या दिवशी वाफ्याशी बसून रडली. आबांच्या चहापायी नाही, स्वतःच्या हातावर तिचा फार विश्वास होता म्हणून. तिच्या हाताने लावलेलं कधी मेलं नव्हतं.

कारण कळलं ते पुढच्या थंडीत. आबांचा पलटणीतला एक साताऱ्याकडचा मित्र सुट्टीवर येताना दुसरा डबा घेऊन आला. त्याने जुना वाफा पाहिला, मूठभर माती उचलली आणि कपाळाला हात लावला. "राखंत लावलास होय? अरं, चहाला आंबट माती लागती. राखंनं मातीचा आंबटपणा मरतो. तिथल्या मळ्यात चुलीची राखसुद्धा झाडाकडं जाऊ देत नाहीत."

आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली. "आंबट मातीच पायजे ना? सांगा, कुठली आनू?"

मित्र म्हणाला, जिथे पाणी साचत नाही अशा उताराची लाल माती. आमच्याकडे दुसरं आहेच काय? पाऊस एवढा की जमिनीतला सगळा गोडवा धुऊन जातो. उतार तर असा की उभं राहायला पाय रोवावा लागतो. मित्राने चढावरचं शिरीषाचं झाड पाहिलं आणि म्हणाला, तिकडे चहाला सावली म्हणून मुद्दाम हेच लावतात. वरकस जमिनीत ज्या तुकड्यावर नाचणी कधी धड पिकली नाही, नेमका तोच शिरीषाखालचा तुकडा चहाला लागू निघाला.

यावेळी बिया आधी पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या फेकल्या, बुडाल्या त्या घेतल्या. आईने रानातली कुजलेल्या पानांची माती टोपल्या भरभरून आणली आणि चुलीची राख सांडू नये म्हणून मला त्या बाजूला भांडी घासायलाही बंदी केली. रोपं आली, जगली, पावसाळा त्यांनी खाल्ला-प्यायला. पण आमचा पाऊस गेला की गेलाच. आसामात थंडीनंतर लवकर सरी येतात म्हणे. आमच्याकडे दिवाळीपासून मिरगापर्यंत आभाळ कोरडं ठाक. म्हणजे पाणी वाहून आणणं आलं, आणि ते खालच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून. आबा कावडीने आणायचे, आई आणि मी हंडे-कळशांनी. भर उन्हात त्या चढावर माझ्या मानेच्या शिरा फुगायच्या.

"मानसाच्या तोंडाला पानी नाय, नि तुमच्या झाडांना हंडे!" आई दररोज म्हणायची. आणि दररोज पहिला हंडा तिचाच असायचा.

गावातली माणसं वरच्या वाटेने जाताना थांबून बघायची. "काय रे, कधी पाजतोस?" अशी थट्टा करायची. आबा म्हणायचे, "तू कधी येतोस ते सांग." मला ह्या उत्तराचा अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी रडूही यायचं. आबा रोज सकाळी गरम पाणी प्यायचे. नुसतं. आईने त्यांच्यासमोर चहा करणं सोडलं होतं. आम्ही मायलेकी चोरून प्यायचो, ते गोठ्यात गेले की.

तीन-चार पावसाळ्यांनी झुडपं हाताला आली. आबांनी ती छाटली तेव्हा आई ओरडलीच, एवढं जगवून कापताय काय म्हणून. छाटल्यावर आठवड्याभरात बुंध्यावर बारीक लाल डोळे फुटले आणि मग फांद्यांची गर्दी झाली. पहिल्या खुडीची पानं आम्ही सुपात पसरून कोमेजवली, परातीत तळहातांनी चोळली. हात हिरवे, मग तांबडे झाले. ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या पानांना पहाटे पिकलेल्या फळासारखा वास आला, आणि आईने ती तव्यावर मंद जाळावर वाळवली. भुकटी नाही झाली. काळ्या, वळलेल्या काड्या झाल्या. आम्ही मायलेकींनी तो चहा केला. रंग फिका, पण घशात उतरल्यावर मागे गोडसर चव रेंगाळायची. दुकानातल्या चहाला ती कधीच नव्हती.

आबांनी नुसता वास घेतला. "झालाय," म्हणाले आणि कप परत आईच्या हातात दिला.

मग दोन-एक वर्षांनी श्रावणात दरड कोसळली. मी महाडला शिकायला होते, सुट्टीला आलेली ती घरीच अडकले. घाटातला रस्ता बंद, एसटी बंद, खालचा साकव वाहून गेला. तांदूळ-नाचणी घरात होती, उपाशी कुणी राहिलं नाही. पण चहा संपला. आधी वाण्याकडचा, मग हॉटेलातला. चहाची सवय लागलेल्या माणसांचं चहाविना काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. माणसं डोक्याला फडकी बांधून बसली, एकमेकांवर खेकसायला लागली.

आणि सगळ्यांना ठाऊक होतं की आख्ख्या खोऱ्यात चहा एकाच घरात आहे. आईने वर्षभराचा दोन डबे भरून ठेवला होता.

हॉटेलवाला डोक्यावर इरलं घेऊन अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. "थोडी पावडर दे रे," म्हणाला. "कोरडी दे. मी नेऊन उकळतो."

तोच नियम. पान आमचं चालेल, पाणी त्याचं हवं.

"कोरडी भेटनार नाय," आबा म्हणाले. "उकळलेला भेटंल. हितं बसून. आमच्या पान्याचा."

पाऊस कोसळत होता. हॉटेलवाला इरलं सावरून निघून गेला. मला वाटलं आबांनी फार ताणलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "पानी मी वाह्यलंय. पानी माझंच असंल."

दुसऱ्या दिवशी गावातली एक म्हातारी शेतकरीण काठी टेकत आली. कपाळाला सुंठ फासलेली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "दे गो बाय. डोकं फुटून मरन्यापरीस बाटून मेलेलं बरं." आईला हसू आवरेना. म्हातारीने बशीत ओतून दोन कप रिचवले. संध्याकाळपर्यंत आणखी चार आले, मग आठ. काहींनी कपाला तोंड न लावता वरून ओतून घेतला आणि तोंड भाजून घेतलं. काही निवांत बसून पावसाच्या गप्पा मारून गेले. रस्ता सुरू होईपर्यंत आमच्या ओट्यावर गावच भरलेलं होतं. फक्त हॉटेलवाला आला नाही.

रस्ता सुरू झाला, पुड्या आल्या, आणि ओटा रिकामा झाला. मी महाडला परत गेले. गणपतीच्या सुट्टीत घरी येताना वाटेत तीच म्हातारी भेटली. मी हसले, तर तिने मान वळवली. कुणीतरी म्हणालं, "तवा अडचन व्हती." मी घरी येऊन दप्तर आपटलं. एवढे हंडे वाहिले, एवढी वर्षं आबा गरम पाण्यावर राहिले, आणि ती सगळी अडचण? मी आबांना म्हटलं, आता पुरे, प्या तुमचा चहा, कुणासाठी थांबलाय?

आबा झुडपं छाटत होते. "अडचनीत आलेली मानसं मोजायची नसतात," म्हणाले. "राजीखुशीनं म्हटलं होतं मी."

त्याच दिवाळीत ते फाट्यावरून एसटी पकडायला उभे असताना हॉटेलवाल्याने त्यांना आत बोलावलं. काचेच्या ग्लासात चहा ओतून बाकड्यावर ठेवला. मी सोबत होते.  आबांनी ग्लासाकडे पाहिलं, मग बाहेरच्या मेढीकडे. कप तिथेच होते.

"ते?" आबांनी विचारलं.

"ते राहूंदे रे. लोक ऐकत नाय. तुझ्यापुरतं..."

"माझ्यापुरतं नको," आबा म्हणाले आणि एसटीत चढले. मी काचेतून मागे पाहिलं. हॉटेलवाला ग्लासाशेजारी तसाच उभा होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी सुट्टीत घरी होते. आभाळ स्वच्छ, रस्ता चालू, दुकानात पुड्यांची चळत. कसलीही अडचण नाही. सकाळी आम्ही तिघं पाणी घालून ओट्यावर टेकलो होतो, तेवढ्यात हॉटेलवाला वाटेने उतरून आला. हातात पिशवी. अंगणाच्या कडेला थांबला नाही, सरळ येऊन ओट्यावर बसला. पिशवीतून कप काढून समोर मांडले. सुतळीचे फास तसेच होते.

"काडून आनलेत," तो म्हणाला. "त्या दिवशीचा तुझा ग्लास विसळताना मला लई लाज वाटली. तू तोंडबी लावलं नव्हतंस, नि मी तो विसळत व्हतो. पावसात सगळी आली, मला तोंड नव्हतं. म्हनून आज आलो. तुझ्यासमोर फोडतो हे."

"फोडू नको," आबा म्हणाले. "कपाचा काय दोष?"

"मग चहा तरी पाज. वयनी, द्या." इतक्या वर्षांत त्याने आईला पहिल्यांदाच कोणत्या तरी नात्याने हाक मारली.

आई उठली. आमच्या घरातले चांगले कप ताटाळ्यात होते, बशांसकट. तिने त्यांना हात लावला नाही. ओट्यावरचा एक कप उचलला, सुतळी तोडून टाकली, तो राखेने लखलखीत घासला आणि उकळता चहा काठोकाठ भरून हॉटेलवाल्यासमोर ठेवला. बशी नाही. आबा तिच्याकडे पाहत राहिले.

हॉटेलवाल्याने कप उचलला आणि लगेच ठेवला. पुन्हा उचलला. या हातातून त्या हातात घेतला, बोटं बदलली, फुंकर घातली. आयुष्यभर त्याने त्या कपांत चहा ओतला होता, धरला कधीच नव्हता.

"सदऱ्याच्या टोकानं धरा, भाऊ," आई शांतपणे म्हणाली. "आमी तसाच धरायचो."

त्याने सदऱ्याचं टोक गुंडाळलं आणि चहा प्यायला. सगळा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबला नाही. कप रिकामा करून त्याने ओट्यावर ठेवला आणि खाली मान घालून बसला.

मग आईने आतून चांगला कप आणला, कानाचा, बशीवर ठेवलेला, आणि तो आबांच्या हातात दिला. आबांनी चहा बशीत ओतला.  त्यांनी मोठा फुरका मारला, डोळे मिटले, आणि किती तरी वेळाने उघडले.

"साखर कमी हाय," आबा म्हणाले, आणि बशी आईपुढे केली.